माहेरचं बदक आणि पाच भाचे

बदकांत नर कोण आणि मादी कोण, हे ओळखायला आम्हा नवरा-बायकोला अख्खा उन्हाळा लागला. दोघंही साठीला टेकलेले, शिकलेसवरलेले, मुलांची लग्नं लावून मोकळे झालेले. सांगायला लाज वाटते. पण त्या एका चुकीपायी आमच्या घरात जो काही घोळ झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून सांगतो.

मी आयुष्यभर बोटीवर होतो, इंजिनरूममध्ये. वर्षातले आठ-नऊ महिने दर्यावर आणि उरलेले रत्नागिरीजवळच्या आमच्या खाडीकाठच्या घरी. घरी आलो की माझा थाट पाहुण्याचा. आल्या दिवशी तळलेली सुरमई, दुसऱ्या दिवशी वडे-सागुती, आंघोळीला पाणी काढून दिलेलं. निवृत्त होऊन कायमचा आलो तेव्हाही पहिला महिना तसाच गेला. पुढे पुढे सुरमईचा बांगडा झाला, बांगड्याची डाळ झाली, आणि मी पडवीत बसलेला दिसलो की ही केर काढताना नुसती झाडू थांबवून उभी राहायची. ही म्हणजे माझी बायको. मग मी पाय वर घ्यायचो.

ती बोलायची काही नाही. हिचा आवाजच मुळी असा की स्वयंपाकघरातलं बोलणं पडवीत ऐकू येणार नाही. बोटीवर मी चारचौघांत कौतुकाने सांगायचो, आमची मंडळी एकदम शांत, आमच्याकडे भांडण म्हणून माहीत नाही. ऐकणारे माना डोलवायचे, नशीबवान आहेस म्हणायचे, आणि मलाही ते पटायचं.

तर बदकं. ती हिच्या माहेरची. हिचं माहेर चिपळूणला, बाजारपेठेत, वाशिष्ठीच्या अंगाला. पुराचं पाणी त्या घराला नवं नव्हतं, पण एका वर्षी ते माळ्यापर्यंत चढलं आणि हिच्या भावाने हाय खाल्ली. घर विकून तो मुंबईला मुलाकडे निघून गेला. जाताना त्याने जे वाचलं होतं ते बहिणींना वाटून टाकलं. हिच्या वाट्याला आली पांढऱ्याशुभ्र बदकांची जोडी. कपाटं गेली, भांडी गेली, आईबापांचे फोटो गेले, आणि ही दोन मजेत पोहत राहिली होती. "माझ्या माहेरचं एवढंच तरलं," असं ही मला फोनवर म्हणाली. मी तेव्हा कुठल्याशा बंदरात होतो. मी हसलो होतो, त्यात रडण्यासारखं काय ते मला कळलं नव्हतं.

मी घरी आलो त्याच थंडीत हिने बदकाची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवली. हे बदक स्वतः अंड्यांवर बसत नाही, घातलं की मोकळं. कोंबडीने बिचारीने इमानेइतबारे उबवली आणि आठ पिल्लं निघाली. चार दिवसांनी ती आठही जणं घरामागच्या पऱ्यात उतरली आणि कोंबडी काठावरून ऊर बडवत पळायला लागली. पऱ्या म्हणजे आमच्या आगरातून खाडीकडे जाणारा ओढा. मी पडवीत हसून हसून बेजार, आणि ही मात्र कोंबडीला पोटाशी धरून सांगत होती, "अगो, पोहतात ती, बुडत नाहीत." त्याच सुमारास पिल्लांच्या बापाला कोल्ह्याने उचललं. राहिली ती म्हातारी पांढरी आणि तिची आठ पोरं.

आठही पांढरीच निघाली. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, काही फरक नाही. दोन महिन्यांनी मात्र त्यांच्यात एक फरक पडला. तिघांना कंठ फुटला. आणि काय तो कंठ! पहाट झाली की सुरू. क्वॅक-क्वॅक-क्वॅक, पातेलं आपटल्यासारखं. उरलेली पाच मात्र गुणी. घशातल्या घशात खरखर करायची, सर्दी झालेल्या माणसाने देवाचं नाव घ्यावं तशी. आयुष्यभर इंजिनाचा दणका ऐकलेल्या माणसाला म्हातारपणी शांतता हवी असते. मी भडकलो. म्हटलं, "हे तीन बोके कुणाला तरी देऊन टाक. कान किटले माझे."

"बोके?" ही म्हणाली.

"बोके नाहीतर काय? बोंबलतात ते नर. गप्प बसतात त्या पोरी. बघ कशा सालस आहेत."

हिने त्या पाच सालस पोरींकडे पाहिलं आणि तिलाही ते पटलं. पटणारच. आमच्याकडे लहानपणापासून दुसरं काय ऐकलंय कुणी? मे महिन्यात माझी बहीण राजापूरहून आंबे खायला आली. जाताना तिला फणस दिला, आमसुलं दिली आणि टोपलीत घालून ते तीन बोंबलणारे दिले. एसटीतून जाताना सुद्धा ते ओरडत होते. गाडी वळणाआड गेली तेव्हा मी हुश्श केलं आणि घरी येऊन झोपलो.

आषाढात त्या पाच सालस पोरींच्या शेपटीवर एकेक पीस वर कुरळं झालं, आणि त्या पोरी आपल्या आईवर चढल्या.

मी पडवीतून बघत होतो. चहाचा कप हातात तसाच. आधी वाटलं खेळतायत. मग दुसरा चढला, तिसऱ्याने मान चोचीत धरली, आणि मी ओरडलो, "अगो, बाहेर ये! ह्या पोरी नाहीत गो, हे पाचही बाप्ये आहेत!" ही हात पुसत आली, बघत राहिली, आणि पदर तोंडाला लावून आत गेली. हसत होती की रडत होती, मला आजतागायत कळलेलं नाही.

बहिणीला फोन लावला. म्हटलं, ती तिघं कशी आहेत? "अरे दादा, काय सांगू," तिकडून बहीण खूश. "रोज अंडी! केवढी केवढी अंडी! वहिनीला सांग, मला लक्ष्म्या दिल्यात तिने." नणंदेला ओटीत घालून दिल्यासारखं दिलेलं परत कसं मागायचं? एक तरी पाठव म्हणावं, तर जीभ रेटेना. फोन ठेवला आणि हिच्याकडे बघितलं. हिच्या माहेरचं जे चांगलं होतं ते माझ्या बहिणीकडे गेलं होतं, आणि दांडगट पाच आमच्या पदरात राहिले होते. ते ठरवलं होतं मी. ही भाकरी थापायला बसली.

तिथून पुढे घरात एकच विषय, पांढरी वाचते की नाही. पाच नर आणि एक मादी, हा काय हिशेब आहे का? दिवसभर तिच्या मागे. मानेवरची पिसं उपटून उपटून लालभडक कातडं दिसायला लागलं. ती लंगडायला लागली. अंडी देणं बंद झालं. आधी तिचा आवाज सगळ्या वाडीला ऐकू यायचा, त्या तिघींचा गळा तिच्याकडूनच आलेला, आणि हे समोर असून आम्हा दोघांना सुचलं नव्हतं. तो आवाज बसला. चोच उघडायची आणि नुसती हवा. मी म्हातारीकडे बघायचो आणि माझं डोकंच चालेनासं व्हायचं. स्वतःच्या आईच्या मागे लागतात? माणसात हे ऐकून कान झाकले असते. मग वाटायचं, माणसाचे नियम ह्यांना कुणी सांगितलेत? त्यांच्यावर रागावू की नको, हेही मला ठरवता येईना.

बोटीवर असं नसतं. एखादी गोष्ट जादा झाली तर तिचं काय करायचं हे कुणीतरी ठरवतो आणि ते होतं. मी हिला म्हटलं, "गटारी आलीच आहे. एक ठेवू, चार कापू. बोटीवर मी बदक खाल्लंय, चांगलं लागतं."

हिचा विळीवरचा हात थांबला. "ती माझ्या माहेरची," ती म्हणाली. "तिची पोरं म्हणजे माझे भाचे. भाच्यांवर सुरी चालवू?"

घ्या! आता ह्याला काय म्हणायचं? भाचा म्हटला की आपल्याकडे पायाचं तीर्थ घ्यायची पाळी. मी म्हटलं, "तुझे भाचे तुझ्या माहेराला जिवंत ठेवणार नाहीत." ती म्हणाली, "बघू." आणि श्रावण लागला.

श्रावणात कापायचं नाव काढायची सोय नाही. मग द्यायचे म्हटलं, तर घेणार कोण? ज्याला विचारावं तो आधी विचारतो, मादी आहे का? नाही म्हटलं की त्याला अचानक आगराचा दगडी गडगा बांधायचा असतो, नाहीतर सुनेला बदकाची ॲलर्जी असते. शेवटी मी मनाचा हिय्या केला. एका दुपारी ही झोपलेली बघून दोन नर काखोटीला मारले आणि खाडीवर नेऊन सोडले. पाणी आहे, चिखल आहे, किडे आहेत, मजा करा लेको. ते पाण्यात उतरले. मी वळलो, थोडं चाललो, आणि मागून खरखर ऐकू आली. वळून बघतो तर दोघे रांगेत माझ्या मागे. हाकललं, थांबले. चाललो, चालले. वाडीतून आमची ही मिरवणूक घरापर्यंत आली. ही घरापुढच्या खळ्यात उभी होती. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे बघून ती मनापासून हसली, आणि मला इतकं बरं वाटलं की आपण तिथे का गेलो होतो हेच मी विसरलो.

पांढरीला वाचवायला ही रोज नवं काहीतरी करायची. तिला पडवीत डालग्याखाली ठेवायची, म्हणजे मोठ्या उपड्या टोपलीखाली. एकटी ठेवली की पांढरी खायची नाही, चोच भिंतीला लावून बसायची. बाहेर सोडली की पाचही तुटून पडायचे. मानेवर हळद-खोबरेल लावायची, ते पऱ्यात धुऊन जायचं. मी मांडवीच्या जेटीवर जाऊन बसायला लागलो. घरी असलो तरी माझा काडीचा उपयोग नव्हता. समुद्राकडे बघत बसायचं, आणि परत येताना पऱ्याजवळ आलो की आधी वाकून बघायचो, आज पांढरी आहे की गेली.

भाद्रपदात गणपती आले. मुलांना सुटी मिळाली नाही, घरात आम्ही दोघंच. आमच्यात गौरीला तिखटाचा नैवेद्य असतो. गणपतीसमोर पडदा ओढायचा आणि गौरीला वडे, सागुती, चिंबोरी जे असेल ते दाखवायचं. माझ्या डोक्यात उजेड पडला. नुसतं कापणं वेगळं आणि गौरीचं म्हणून कापणं वेगळं. त्याला ही नाही म्हणणार नाही.

पण बदक चालतं का गौरीला? हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी एक म्हातारा खारवी राहतो, अर्धं आयुष्य मच्छीमारी बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, होता. त्याला विचारलं. त्याने विडीचा झुरका घेतला आणि म्हणाला, "पाण्यात राहतंय ना? मग मासळीत धरायचं. चालेल." त्याची बायको आतून म्हणाली, "पंख हायत त्याला, मासळी कशी? कोंबडीत धरा." तांडेल म्हणाला, "मग तरी चालेल." ती म्हणाली, "पण आपल्यात कुणी कधी दाखवलंय?" त्यावर त्याने दुसरी विडी पेटवली. वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, तर दुपारपर्यंत तिथे भांडण जुंपलं. कुणी म्हणे बदक सरस्वतीचं वाहन. कुणी म्हणे तो हंस, बदक नव्हे. एकाने नुसते हात जोडलेले पाठवले. मी फोन बंद केला आणि कपाळाला हात लावून बसलो.

गौर आणायच्या दिवशी संध्याकाळी व्हायचं ते झालंच. बायका गौर घेऊन आल्या, ही त्यांच्यात. घरी येऊन पाहते तर पऱ्यात पाचही पांढरीवर, आणि तिचं डोकं पाण्याखाली. ही नव्या साडीनिशी पाण्यात शिरली. मी धावत पोचेपर्यंत तिने पांढरीला ओढून काढलं होतं. मान रक्ताळलेली, डोळा अर्धा मिटलेला. ही काठावर चिखलात बसली आणि तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "मारतील हो हिला. एक दिवस मारतीलच." आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण तिला अशी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. मग सुचलं, मी घरी होतो कधी बघायला?

तिने जखमेला हळद लावून पांढरीला पडवीत डालग्याखाली ठेवलं. वड्यांचं पीठ भिजवायला बसली तेव्हा मी हळूच म्हटलं, "उद्या गौरीच्या नावाने ते पाच काढू. पांढरी सुटेल."

ती पिठात हात घालून कितीतरी वेळ बसली. मग म्हणाली, "बघू."

सणाच्या दिवशी, इतक्या वेळाने आलेलं 'बघू', म्हणजे होकारच, असा मी अर्थ लावला.

सकाळी ही शेजारी गौरीपुढे ठेवायच्या ओवशाची सुपं भरायला गेली होती. पाऊस झिमझिमत होता. मी पडवीत डालग्याखाली वाकून बघितलं. आत पिवळ्या मानेचं बदक बसलं होतं. म्हटलं, बस बाई, आज सुटलीस. खुराड्यातून बाकीची पाच काढली. भिजलेली, चिखलाने माखलेली, कुणाचं शेपूट बघायला जीव थाऱ्यावर होता? टोपलीत घातली, वर फडकं बांधलं आणि नाक्यावरच्या कोंबडीवाल्याकडे निघालो. वाटेत मला स्वतःचाच अभिमान वाटत होता. निवृत्त झाल्यापासून घराच्या उपयोगाचं काहीतरी करतोय, असं पहिल्यांदा वाटत होतं.

कोंबडीवाल्याकडे ही गर्दी! माझा नंबर आला तेव्हा त्याने फडकं वर करून बघितलं. "काका, बदकं? आज? ह्यांची पिसं निघत नायत ओ सहज."

"मी बसतो उपटत. तू फक्त काप."

तो पुटपुटला, टोपलीत हात घातला आणि सगळ्यात वरचं बदक पंख धरून बाहेर ओढलं.

आणि ते ओरडलं.

क्वॅक-क्वॅक-क्वॅक. पातेलं आपटल्यासारखं. कित्येक आठवडे जो आवाज मी ऐकला नव्हता, जो नको म्हणून मी हिच्या तीन पोरी परगावी पाठवल्या, तो आवाज माझ्या कानावर आला. नर ओरडत नाही. नर असा ओरडूच शकत नाही, एवढं एव्हाना मला कळलं होतं. मी फळीवरून वाकून त्याचा हात धरला. "सोड! ती नको! सोड तिला, ती माहेरची आहे!"

रांगेतली माणसं हसायला लागली. कोंबडीवाल्याने तिला सोडलं, ती माझ्या छातीवर येऊन आदळली आणि शर्टावर घाण करून माझ्या कानात ओरडत राहिली. मी तिला घट्ट धरून ठेवली. मला रडू येत होतं आणि ते चारचौघांत दिसू नये म्हणून मी कोंबडीवाल्यालाच शिव्या घालत होतो. त्या गरिबाचा काय दोष? "बाकीची कापू काय?" त्याने विचारलं. मी टोपलीत बघितलं. चार चिंब बदकं वर माना करून माझ्याकडे बघत होती. आता मला कशाचीच खात्री राहिली नव्हती. मी म्हटलं, "राहू दे."

घरी वळणावर आलो तर आवाज ऐकू आला. बाईचा. कुणीतरी जिवाच्या आकांताने ओरडत होतं. वाटलं, कुणाकडे काय झालं सणाचं? खळ्यात शिरलो तर ती ही होती. एका हातात डालगं, पायाशी पिवळ्या मानेचा तो दांडगट नर, आणि तोंडाचा पट्टा सुरू. शेजारचा तांडेल गडग्यापलीकडे विडी हातात धरून आ वासून उभा.

"कुठे नेलंत तिला? कुणाला विचारलंत? माझं माहेर टोपलीत घालून कसाबाकडे नेता?"

मग कळलं. पहाटे उठून हिनेच अदलाबदल केली होती. पांढरीला टपात घालून तिची मान धुतली आणि तिला खुराड्यात मोकळी सोडली. पाचांतला सगळ्यात दांडगट जो, ज्याची मान आदल्या दिवशी झटापटीत दुसऱ्याने फोडली होती, त्याला हळद लावून तिने डालग्याखाली कोंडलं. "तिने काय केलंय म्हणून तिला कोंडायची?" ही ओरडली. "जो छळतो त्याला कोंडा! एवढी अक्कल कुणालाच नाही? मलाही नव्हती इतके दिवस!"

मी छातीशी धरलेली पांढरी पुढे केली. हिने ती हिसकावून घेतली, जखम बघितली, पंख चाचपले, जिवंत आहे ह्याची खात्री करून घेतली. मला वाटलं, आता संपलं. छे! आता कुठे ती सुरू झाली. बदकांवरून राजापूरच्या नणंदेवर आली, नणंदेवरून पुरावर. पुराच्या दिवशी मी फोनवर हसलो होतो, तेही तिने काढलं. मुलांची आजारपणं, एकटीने बांधून घेतलेली विहीर, माझी आई गेली तो दिवस. इतक्या वर्षांचं सगळं बाहेर आलं. हिला एवढा आवाज आहे हे मला माहीतच नव्हतं. मी गप्प बसते म्हणजे माझं बरं चाललंय, असं तुम्ही धरूनच चालता, असं ती म्हणाली. मी चार बदकांची टोपली हातात घेऊन पावसात उभा होतो.

शेवटी तिचा श्वास संपला. तिने आगराच्या टोकाकडे, विहिरीपलीकडे बोट दाखवलं. "तिकडे बांधा वेगळं खुराडं. ते पाच तिकडे. आणि त्यांचं खाणंपिणं तुम्ही बघायचं. मला विचारायचं नाही."

त्या वर्षी गौरीला तांडेलाकडून आलेल्या चिंबोऱ्या दाखवल्या. आम्ही दोघंही जेवलो, पण काय जेवलो ते आठवत नाही.

गौरी-गणपती गेल्यावर मी खुराडं बांधलं. चिरे रचले, वर जुने पत्रे टाकले, भोवती जाळी ओढली. वाटलं होतं, पाच बाप्ये एका जागी कोंडले तर एकमेकांचे जीव घेतील. कसलं काय! मादी समोर नाही म्हटल्यावर पाचही एकदम निवळले. रांगेत चिखलात जातात, रांगेत परत येतात, दुपारी एकमेकांना टेकून झोपतात. ह्यांचा उपयोग काय, हे मला अजून सांगता येत नाही. अंडी देत नाहीत, राखण करत नाहीत, कापता येत नाहीत. मी रोज त्यांना कोंडा भिजवून घालतो आणि जवळ दगडावर बसतो. हळूहळू पांढरीच्या मानेवर पिसं आली. तिचा कंठही परत आला, अगदी पहिल्यासारखा. पहाटे ती ओरडली की मी जागा होतो आणि कूस बदलून ऐकत राहतो.

हिचाही आवाज तेव्हापासून खाली आलेला नाही. चांगलं की वाईट, मला ठरवता येत नाही. कधी कधी वाटतं, ह्या घराला माझ्याविना राहायची सवय होती आणि मीच इथे जादा झालोय. ते विचारायचं धाडस अजून झालेलं नाही. विचारलं तर ती 'बघू' म्हणेल, ह्याची भीती वाटते.

काल संध्याकाळी असाच दगडावर बसलो होतो. पाचजण पायाशी बसलेले. पडवीतून हिची हाक आली, सगळ्या आगराला ऐकू जाईल अशी, "या आता घरात! किती वेळ बसणार तिकडे?"

कुणाला म्हणाली ते कळलं नाही. आम्ही सहाही जणांनी माना वर केल्या. मग ती पुन्हा ओरडली, "अहो, चहा निवतोय!" तेव्हा मी उठलो.